श्रीकांतची मातीची जनावरं

सिंगापूरहून परत आलेल्या माणसाला लोक विचारतात, काय काय पाहिलंत? मला कुणी विचारलं नाही. शाळेतल्या बाई भेटायला आल्या, सतरंजीवर बसल्या, झालं ते वाईट झालं म्हणाल्या आणि चहा न घेता उठल्या. त्यांचंही बरोबर आहे. भावाच्या अस्थी आणायला गेलेल्या बाईला प्रवास कसा झाला हे कोण विचारणार? पण मी तिथे सहा दिवस होते. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते. त्या सहा दिवसांत जे पाहिलं आणि जे केलं, ते कुणालातरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी कराडला एका शाळेत चित्रकला शिकवते. आम्ही कुंभार. आप्पा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून माती मळतात. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, मातीच्या बैलांची जोडी न्यायला अर्धं गाव आमच्या दारात येतं. माझा धाकटा भाऊ श्रीकांत इंजिनियर झाला, आधी पुण्याला आणि मग सिंगापूरला गेला. एकेचाळीस वर्षांचा होता, लग्न केलं नव्हतं. एका सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना टॅम्पिनीसच्या एमआरटी, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनात जिन्याच्या पायरीवर बसला आणि उठला नाही. हार्ट अटॅक.

फोन माझ्या नवऱ्याला, वसंतला आला. आप्पांना लगेच सांगायचं नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते आता नीट सांगता येत नाही. आप्पांची अँजिओप्लास्टी झालेली, चुलते म्हणाले, "म्हातारा जागेवर जाईल. आजारी आहे, दवाखान्यात आहे, एवढंच सांगा. अस्थी आल्या की बघू." मी हो म्हटलं. वसंतकडे पासपोर्ट नव्हता. माझा व्हिसा यायला तीन दिवस लागले, तोवर श्रीकांत तिथल्या शवागारात थांबला. निघताना आप्पा मला म्हणाले, "त्येला म्हणावं, बरा झालास की ये. चार वर्सं झाली."

टॅम्पिनीस

विमानतळावर निखिल आला होता. श्रीकांतच्या ऑफिसातला, पुण्याचा, कोथरूडचा. तिशीतला असेल. काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून तो टॅक्सीतून इमारती दाखवत राहिला. "हे सगळं सरकारी हाउसिंग आहे, ताई. एचडीबी. हा मॉल, इथे आम्ही लंचला यायचो." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं होती आणि एकाही झाडाखाली पाचोळा नव्हता. मला ते बघवेना. मरण येतं तिथे काहीतरी अस्ताव्यस्त असावं असं मला वाटत होतं.

श्रीकांत नवव्या मजल्यावर एका घरात खोली भाड्याने घेऊन राहायचा. घरमालकीण मिसेस लिम. सत्तरीच्या, चिनी, विधवा. मुलगी ऑस्ट्रेलियात. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

पुढे निखिलने सांगितलं की इथे नमस्काराच्या जागी हेच विचारतात. त्यांचं इंग्रजी तुटक, माझंही शाळेतलं, त्यामुळे आमचं बरं जमलं. "मिसेस लिम नको म्हणू," त्या म्हणाल्या. "आंटी म्हण. श्री पण आंटी म्हणायचा, लाह." हे 'लाह' त्यांच्या प्रत्येक वाक्याला लागायचं, आपण 'की' लावतो तसं.

त्यांनी मला भाताची पेज दिली. वर मिठातले शेंगदाणे. आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. मी ती पेज तशीच मानून खाल्ली. त्या समोर बसून मी खाते की नाही बघत होत्या. वाटी रिकामी झाल्यावरच त्यांनी श्रीकांतच्या खोलीचं दार उघडलं.

खोली एवढीशी. पलंग, टेबल, इस्त्री केलेले पाच शर्ट. टेबलावर सहा-सात वह्या एकावर एक. मी वरची उघडली. आत जनावरं काढली होती. कुत्री, डुकरं, बदकं, उंट, घोडे. पेन्सिलीने, पुन्हा पुन्हा खोडून. हात कच्चा होता. शाळेत त्याच्या सायन्सच्या वहीतल्या आकृत्या मी काढून द्यायचे, त्याला साधं फूल काढता यायचं नाही. चित्रांच्या कडेला बारीक मराठी अक्षरात लिहिलं होतं: 'कान मागून लावलेत.' 'शिवण पोटाखालून गेली आहे.' 'हे डुक्कर लेकुरवाळं. सात पिल्लं.'

"हे काय आहे?" मी विचारलं.

"म्युझियम," आंटी म्हणाल्या. "दर रविवारी जायचा. मेलेल्या लोकांची डुकरं बघायला." जुन्या काळी चीनमध्ये माणसाला पुरताना थडग्यात मातीची जनावरं ठेवायचे, ती तिथे मांडली आहेत, एवढं त्यांनी मला समजावून सांगितलं. "मी त्याला म्हणायची, तू तरुण माणूस, सिनेमाला जा. थडग्यातल्या वस्तू बघू नये. ऐकायचा नाही."

संध्याकाळी वसंतचा फोन आला आणि त्याने तो आप्पांच्या हातात दिला.

"कसा हाय?" आप्पांनी विचारलं.

"झोपलाय," मी म्हटलं. "औषधानं गुंगी आहे."

"जेवला का?"

मी श्रीकांतच्या पलंगावर बसले होते. उशीला त्याच्या तेलाचा वास होता. "पेज खाल्ली थोडी," मी म्हटलं.

मंडाई

तिथल्या दहनभूमीचं ठिकाण मंडाई नावाचं आहे. निखिलने गाडीत बसताना ते नाव घेतलं आणि मला आमच्या भाजी मंडईचीच आठवण आली. हसू येण्याची ती वेळ नव्हती, पण आलं. निखिलही हसला आणि मग दोघांनाही तोंड कुठे लपवावं कळेना.

ऑफिसातली आठ-दहा माणसं होती. आंटी काळी पँट आणि पांढरा सदरा घालून आल्या होत्या. गुरुजी तमिळ होते, त्यांचे मंत्र मला अर्धे ओळखीचे वाटत होते. श्रीकांतला कंपनीने दिलेला निळा शर्ट घातला होता. चेहऱ्याला कुणीतरी पावडर लावली होती. आमच्याकडे माणूस गेला की चार तासांत उचलतात, चेहरा अजून त्याचाच असतो. हा सहाव्या दिवसाचा चेहरा होता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. हात त्याचेच होते.

अग्नी देणारं कुणी नव्हतं, तेव्हा मीच खांद्यावर मडकं घेतलं. गुरुजींनी आणलेलं छोटं, यंत्रावर केलेलं मडकं होतं, सगळीकडे एकसारखं जाड. तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक फेरीला गुरुजींनी एकेक भोक पाडलं, पाणी गळत राहिलं. मग त्यांनी मला मडकं मागे टाकायला सांगितलं. मी टाकलं. ते फुटलं नाही. जमिनीवर रबराची चटई होती. मडकं नुसतं घरंगळत एका खुर्चीच्या पायाला जाऊन थांबलं.

गुरुजींनी ते उचललं, माझ्या हातात दिलं आणि चटईबाहेरच्या फरशीकडे बोट दाखवलं. दुसऱ्यांदा टाकलं तेव्हा फुटलं. मी कुंभाराची मुलगी आहे. लहानपणापासून मयताची मडकी घरातून जाताना पाहिली आहेत. आप्पा ती मुद्दाम हलकी भाजायचे, एका फटक्यात फुटावीत म्हणून.

पेटी रुळांवरून काचेपलीकडे गेली आणि एक दार उघडून बंद झालं. ज्वाळा दिसली नाही, धूर दिसला नाही. घाटावर कवटी फुटेपर्यंत माणसं थांबतात. इथे पुढच्या घरचे लोक बाहेर फुलं घेऊन उभेच होते.

दुसऱ्या दिवशी अस्थी घ्यायला बोलावलं. एका खोलीत स्टीलच्या ट्रेमध्ये हाडं मांडून ठेवली होती. तिथला माणूस म्हणाला, आधी पायाकडची ठेवा, डोक्याची शेवटी. आंटींनी सांगितलं, म्हणजे माणूस आत उभा राहतो, उलटा होत नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या बरणीत मी माझ्या भावाला पायापासून भरलं. निखिल दोन तुकडे ठेवून बाहेर निघून गेला. आंटी शेवटपर्यंत माझ्या शेजारी होत्या.

त्या दिवशी सातवा दिवस होता. चिनी लोकांत सातव्या दिवशी मेलेला माणूस घरी येऊन बघून जातो म्हणतात. आंटींनी मला विचारलं, "मी त्याच्यासाठी काही जाळलं तर तुला चालेल?" मी म्हटलं, तुमची इच्छा. आम्ही खालच्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकान कागदाच्या वस्तूंनी भरलं होतं. कागदाचं घर, गाडी, मोबाईल, बूट, चहाचा सेट. एका फळीवर कागदी कुत्री बसवलेली होती, गळ्यात पट्टे. जाळलं की ते त्या माणसाला पोचतं.

"पूर्वी मातीचं करून पुरायचे," आंटी म्हणाल्या. "आता जागा कुठे आहे पुरायला?" त्यांनी एक घर घेतलं आणि एक कुत्रा. संध्याकाळी इमारतीखाली एका लोखंडी पिंपात ते पेटवलं. कुत्रा पटकन जळला. आंटींनी श्रीकांतला चिनी भाषेत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

वर आलो तर वसंतचा फोन आलेला होता. आप्पा म्हणाले, "आज तरी दे की त्येला. आवाज ऐकू दे."

"नळ्या लावल्यात, आप्पा. बोलता येत नाही."

फोन ठेवल्यावर आंटींनी विचारलं, "वडील काय म्हणाले?"

"त्यांना माहीत नाही," मी म्हटलं. "आम्ही सांगितलेलं नाही."

त्यांनी टेबलावरच्या दोन वाट्या उचलल्या, धुतल्या, पुसल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

नदीकाठचं संग्रहालय

सोमवारी सकाळी आंटी तयार होऊनच बाहेर आल्या. "चल," त्या म्हणाल्या. "तो काय बघायचा ते तू बघ." एमआरटीने गेलो. स्टेशनात शिरताना मला कळलं की हा तोच जिना असणार. लोक भराभर चढत-उतरत होते. कुठल्या पायरीवर, ते आंटींना ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मी कठड्याला हात लावून एकेक पायरी चढले. मागून येणाऱ्या एका मुलीने मला हळू आवाजात 'सॉरी' म्हणून बाजूने वाट काढली.

संग्रहालय नदीच्या काठावर आहे, जुन्या पांढऱ्या इमारतीत. आत थंडी. आंटी मला सरळ त्या दालनात घेऊन गेल्या, त्यांनाही वाट पाठ होती.

पहिल्या काचेत कुत्रा होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा, हान राजांच्या काळातला. गुडघ्याएवढा उंच, हिरवी झिलई, शेपटीचं वेटोळं पाठीवर. छातीवरून आणि मानेवरून पट्टा बांधलेला, मागे कडी. तोंड उघडं, भुंकताना. थडग्याच्या दाराशी ठेवलेला. हिरव्या रंगावर जागोजागी चांदीसारखा पापुद्रा आला होता. खाली पाटीवर लिहिलं होतं की ओल्या मातीत शेकडो वर्षं राहिल्यामुळे झिलई अशी होते. म्हणजे तो रंग कुंभाराने दिलेला नव्हता.

त्याच्या पलीकडे डुकराचा गोठा. चौकोनी भिंत, आत लेकुरवाळी डुकरीण आडवी पडलेली, पिल्लं लुचताहेत. श्रीकांतच्या वहीतली हीच ती. मी मोजली, सातच होती. गोठ्याच्या कोपऱ्यात वर एक खोपटं, त्याला जिना. आंटींनी सांगितलं ते शौचालय आहे, खाली डुकरं. मेलेल्या माणसाबरोबर आख्खं परसदार पाठवलेलं. बदकं, कोंबड्या, शेळी, धान्याची कणगी. आम्ही माणसाला तोंडात तुळशीचं पान आणि सोन्याचा मणी देऊन पाठवतो. तोही राखेत शोधतात.

पुढच्या दालनात तांग काळातले घोडे आणि उंट. आकाराने मोठे, मध आणि पालवीच्या रंगाचे ओघळ अंगावर. एका घोड्याच्या शेपटीच्या जागी नुसतं भोक होतं. तिथे खरे केस खोवलेले असत, ते कुजून गेले. एका कोपऱ्यात माणसाचा चेहरा, बैलाचे खूर आणि डोक्यावर शिंगं असलेला एक प्राणी बसला होता. थडग्याची राखण करणारा. त्याच्या तोंडाकडे बघून मला भीती वाटली. ते तोंड चोराला घाबरवण्यासाठी केलं होतं की आतल्या माणसाला बाहेर येऊ न देण्यासाठी, हे मला समजेना.

भिंतीवर एक मोठा मजकूर होता. त्याच्याही आधीच्या काळात, मातीची करायला लागण्यापूर्वी, खरी जनावरं मारून पुरत. घोडे रथासकट, कुत्रा मालकाच्या पाठीखाली. आणि माणसंही. मग माती आली. मी ते वाचून परत कुत्र्यासमोर येऊन उभी राहिले. या कुत्र्यामुळे एक जिवंत कुत्रा वाचला असेल. ज्याने हा केला, त्याने तो डोळ्यांना दिसेल असा केला, पट्ट्याची कडीसुद्धा कोरली, आणि मग तो कधीच कुणाला दिसू नये म्हणून दार लिंपून घेतलं.

आंटी मधल्या बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या समोर बघत बोलू लागल्या.

"माझी मुलगी झाली तेव्हा मी हॉस्पिटलमध्ये होते. त्याच आठवड्यात माझी आई मेली. भावांनी मला सांगितलं नाही. बाळंतीण आहे, दूध जाईल, म्हणाले. माझा नवरा पण सामील. चाळीस दिवस मला आल्यातली कोंबडी करून वाढत होते. मी जेवत होते, हसत होते, आईला बाळ कधी दाखवायचं विचारत होते. ते म्हणायचे, तिला सर्दी झाली आहे."

"मग?"

"चाळिसाव्या दिवशी सांगितलं. आई मेली याचं दुःख झालं, लाह. ते सगळ्यांनाच होतं. पण ते चाळीस दिवस मी हसत होते ना, ते मला अजून सहन होत नाही. भावांशी मी परत नीट बोलले नाही. दोघेही आता गेले."

त्यांनी पर्समधून टिश्यू काढला, नाक पुसलं आणि घड्याळात बघितलं. "चल. भूक लागली असेल तुला."

त्या संध्याकाळीही मी आप्पांना सांगितलं नाही. सांगायचं म्हणून फोन हातात घेतला होता. त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतो?" आणि मी म्हटलं, "बघू म्हणतो."

बेडोक

श्रीकांतच्या पाकिटात एक चिठ्ठी सापडली होती. त्यावर बेडोकच्या एका कम्युनिटी सेंटरचा पत्ता आणि 'भाजून तयार' असं इंग्रजीत लिहिलेलं. आंटींना वाटलं लाँड्रीची असेल. मंगळवारी मी आणि निखिल तिकडे गेलो.

ते मातीकामाचे वर्ग चालणारं केंद्र होतं. दारातच ओल्या मातीचा वास आला आणि मला क्षणभर वाटलं मी घरी आले. शिकवणारे मिस्टर ओंग, साठीचे, कपड्यांवर पांढरे डाग. निखिलने त्यांना सांगितलं. ते खाली बसले. "तो या शनिवारी आला नाही," ते म्हणाले. "मला वाटलं काम असेल."

मग त्यांनी आतून एक खोका आणला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वस्तू होत्या. कुत्रा, वेटोळ्या शेपटीचा. डुकरीण, तिला चारच पिल्लं जमली होती. एक बदक. आणि खाली बैल. बैल त्या संग्रहालयात एकही नव्हता. हे वशिंड, ही खाली घातलेली मान, पुढचे पाय किंचित जवळ, हा आमचा बेंदराचा बैल होता. आप्पांचा. कराडात कुणीही ओळखला असता.

"हा चौथा," मिस्टर ओंग म्हणाले. "पहिले तीन भट्टीत फुटले. मी त्याला सांगत होतो, पोकळ कर. भरीव केलं की आत दमटपणा राहतो, फुटतं. तो म्हणायचा, माझे वडील भरीवच करतात. मी म्हटलं, तुझे वडील भाजत नसतील. मग एक दिवस म्हणाला, हो, ते कच्चेच ठेवतात, दुसऱ्या दिवशी पाण्यात जातात. तेव्हा कुठे ऐकलं त्याने."

"वडील कुंभार आहेत, असं सांगितलं त्याने?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. का?"

सहा वर्षांपूर्वी आमच्या चुलत बहिणीच्या लग्नात श्रीकांतचे पुण्याचे मित्र आले होते. त्यातल्या एकाने विचारलं, तुझे फादर काय करतात? श्रीकांत म्हणाला, "सिरॅमिकचा बिझनेस आहे." आप्पा त्याच्या मागे जिलेबीचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी सगळ्यांना जिलेबी वाढली. त्या गोष्टीवर घरात कधी कुणी बोललं नाही. त्यानंतर श्रीकांत दोनदा आला, दोन्ही वेळी दोनच दिवस राहिला, आणि मग येईनासाच झाला. दर रविवारी मला फोन करायचा. आप्पा जवळ बसलेले असायचे. ना त्याने कधी त्यांना दे म्हटलं, ना त्यांनी हात पुढे केला.

निखिलने खोका उचलला. बाहेर हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, त्याने माझ्यासाठी कॉफी आणली. घोटभर प्यायले आणि पेला खाली ठेवला. "निखिल," मी म्हटलं, "तू जरा तिकडे बसशील?"

तो दूरच्या टेबलावर जाऊन बसला. मी वसंतला फोन लावला. त्याला म्हटलं, आप्पांची गोळी हाताशी ठेव, त्यांच्या शेजारी बस आणि फोन त्यांना दे.

"आप्पा, श्री गेला."

पलीकडे कावळ्याचा आवाज येत होता. कराडातला कावळा.

"कवा?"

"सोमवारी. मागच्या सोमवारी."

"आज मंगळवार हाय."

"हो."

वसंत म्हणाला, आप्पा, पाणी घ्या. मग त्यांचा आवाज आला.

"आठ दिस मी बैलं रंगवतोय, नंदे. निम्मी इकली. लोकांच्या देव्हाऱ्यात गेली असतील. सुतकातली बैलं."

मला हे एकदाही सुचलं नव्हतं. बेंदूर तीन दिवसांवर होता.

"आप्पा, मी..."

"मडकं कुणी धरलं?"

"मी धरलं."

"कुणाचं हुतं?"

"तिथलंच. दुकानातलं."

"गावातल्या परत्येक मयताला माझं मडकं गेलं," ते म्हणाले. "येका घावात फुटलं का तरी?"

मी म्हटलं, "फुटलं." आठ दिवसांतलं ते माझं शेवटचं खोटं.

परत

विमानात बरणी मी मांडीवर घेतली होती. कागदपत्रं दोनदा तपासली गेली. खोका पायाशी होता. त्याच्यावर आंटींनी दोरी बांधून दिली होती, आणि दारात उभं राहून म्हणाल्या होत्या, "घरी पोचलीस की फोन कर. खरं काय ते सांग, लाह."

कराडला पोचले तेव्हा अंगणात एकही बैल नव्हता. माती भिजवायच्या खड्ड्यात पाणी भरलेलं होतं आणि त्यात ते सगळे टाकलेले. चुना आणि गेरू पाण्यावर तरंगत होता. काही शिंगं अजून वर होती, बाकीचा गाळ झाला होता. ज्यांनी आधी नेले होते त्यांच्या घरोघर आप्पा स्वतः गेले, वसंतला बरोबर घेऊन, आणि बैल परत मागितले. काहींनी दिले. काही म्हणाले, असू द्या, आता मांडलेत. गावातल्या गुरुजींनी त्यांना समजावलं की शास्त्राप्रमाणे ऐकल्यापासून सुतक लागतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं, दोष नाही. आप्पा म्हणाले, "शास्त्राला चालत असंल. मातीला हात माझा लागलाय."

ते माझ्याशी बोलत नव्हते. चुलत्यांशीही नाही. अस्थी संगमावर नेल्या, दहाव्याचे विधी अकराव्या दिवशी उरकले, कावळा लवकर शिवला. लोक म्हणाले, सुटला. आप्पा घरी येऊन ओट्यावर भिंतीला टेकून बसले. असे चार दिवस गेले. मी ताट पुढे ठेवायचे, ते जेवायचे आणि ताट सरकवायचे.

पाचव्या दिवशी मी खोका सोडला आणि जनावरं त्यांच्यासमोर ओट्यावर मांडली. काय आहे ते सांगितलं. थडग्यातल्या कुत्र्याचं, सात पिल्लांच्या डुकरिणीचं, शेपटीच्या भोकाचं. फुटलेल्या तीन बैलांचं. पहिल्याच दिवशी त्याने मास्तरांना काय सांगितलं तेही. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण मी थांबले की हनुवटी किंचित हलवायचे, म्हणजे पुढे सांग.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी बैल उचलला. हातावर वजन अजमावलं.

"पोकळ हाय."

"हो."

त्यांनी तो उलटा केला. पोटाखाली भट्टीसाठी ठेवलेलं भोक होतं, बोटभर. त्यांनी आत करंगळी घातली आणि डोळे मिटले. बोट आत हळूहळू फिरत होतं. बाहेरून घासून-पुसून गुळगुळीत केलेल्या बैलाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघणार नसतं, तिथे माती दाबलेल्या बोटांचे खळगे तसेच राहिले होते.

"आतनं आंगठ्यानं दाबत गेलाय," आप्पा म्हणाले. "हळू दाबलंय. वशिंडापाशी घाबारलाय जरा."

मी जवळ सरकले.

"नंदे," ते म्हणाले, "त्येचा आंगठा केवढा हुता गं?"

मी माझा अंगठा पुढे केला आणि म्हटलं, याहून थोडा मोठा. त्यांनी डोळे उघडले नाहीत. करंगळी त्यांनी कितीतरी वेळ बाहेर काढली नाही.